यंत्रात नसलेली उडी

चहाचा कप तो मशीनपासून दोन हात लांब, जमिनीवर ठेवायचा. मग विसरायचा. मग स्वतःच्याच पायाने सांडायचा.

कुणी काही सांगायला आलं की आधी मान हलवायचा आणि नंतर ऐकायचा.

डबा डाव्या मांडीवर घेऊन जेवायचा, कारण उजवा हात बटणाजवळ हवा. घरीही ताट डावीकडे ओढून घ्यायचा. बायको ते सरळ करायची, तो परत ओढायचा.

काळी चिकटपट्टी दातांनी तोडायचा. खिशात कात्री असताना.

रस्त्यात दोन माणसं भांडताना दिसली तर थांबायचा. भांडण मिटलं, माणसं पांगली, तरी हा थोडा वेळ तिथेच उभा. शेवटाच्या पुढेही थोडं असतं, असं त्याला वाटायचं.

त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, असं बायको शेजारणीला सांगायची. हा माणूस भांडण मागे नेतो आणि कोण आधी काय बोललं ते दाखवतो.

सेटवर त्याचं नाव पुन्हाभाऊ. डायरेक्टर खुर्चीतून "पुन्हा" म्हणायचा, आणि हा पुन्हा दाखवायचा. इतकी वर्षं हेच केलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त बँकेला माहीत होतं.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. कॅमेऱ्यातून एक केबल त्याच्या मशीनपर्यंत येते. कॅमेरा जे बघतो ते त्याच्या मॉनिटरवर दिसतं आणि आवाजासकट मशीनमध्ये साठतं. "कट" झालं की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. डायरेक्टर, नट, मेकअपवाला, आणि ज्याचं काही काम नाही तोही. मघाशी काय झालं ते सगळ्यांना बघायचं असतं. पेला कुठल्या हातात होता. केस कुठल्या खांद्यावर होते. दार आधी उघडलं की रडू आधी आलं. एखादी नटी शपथेवर सांगते, पेला उजव्या हातात होता. पुन्हाभाऊ चित्र मागे नेतो. बटण दाबतो. पेला डाव्या हातात असतो. नटी गप्प होते, वर हसते.

अभिनय कसा झाला असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "दिसतंय."

सिनेमा खरा साठतो तो कॅमेऱ्यात. पुन्हाभाऊच्या मशीनमधलं नुसतं बघण्यापुरतं. सिनेमा संपला की ते पुसायचं, असा नियम. म्हणजे जन्मभर साठवलं ते पुसण्यासाठीच. याचं त्याला वाईट वाटत नसे. पाटी पुसली नाही तर उद्या लिहिणार कशावर, असं म्हणायचा. पण जोपर्यंत पुसलेलं नाही तोपर्यंत त्याच्या मशीनचा शब्द शेवटचा. सेटवर वाद झाला की म्हणत, पुन्हाभाऊंनी दाखवलं ना, मग झालं.

त्याची धाकटी बहीण एकदा त्याचा विसरलेला चष्मा द्यायला सेटवर आली. त्याच्या पाठीमागे उभी राहून मॉनिटर बघत होती. हिरोच्या कपड्यातला एक माणूस पाठमोरा धावत आला, भिंतीवरून पलीकडे पडला. "कट" झालं. मशीन अजून चालू होतं, कारण पुन्हाभाऊ कटनंतरही थोडं चालू ठेवायचा. भिंतीमागून तो माणूस वर आला, डोक्यावरचा हिरोचा टोप काढला आणि दोन्ही हातांनी डोकं खसाखसा खाजवलं. बहीण मोठ्याने हसली. हा कोण, असं तिने विचारलं.

"मांजर," पुन्हाभाऊ म्हणाला. "कुठूनही टाका, पायावर पडतो. पण याचं तोंड सिनेमात कधी दिसायचं नाही."

"मला दिसलं की," ती म्हणाली.

वर्षाच्या आत लग्न झालं. पुन्हाभाऊ त्याला जावईबापू म्हणायचा, मांजर त्याला दादा. एकाच सेटवर असले तर एकाच डब्यातून जेवायचे, आणि मांजर डबा उजवीकडे सरकवायचा, मुद्दाम.

मांजराची खासियत पाठमोरी उडी. उंच कडेवर उभं राहायचं, तोंड भिंतीकडे, पाठ मोकळ्या हवेकडे. खाली काय आहे ते दिसत नाही. बघायचंही नाही. बघितलं की मान वळते आणि शॉट बिघडतो. फक्त शब्दाची वाट बघायची. तो म्हणायचा, मी जातच नाही दादा, शब्द आला की अंग जातं. मी नंतर खाली जाऊन त्याला भेटतो. एवढ्या वर्षांत तो एकदाही इशाऱ्याआधी हलला नव्हता. बाकी कशाचाही तो गर्व करत नसे. याचा करायचा.

त्या दिवशी शॉट होता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा. मोठ्या शेडमध्ये घराचा दर्शनी भाग उभा केलेला. मांजर गॅलरीच्या कठड्यावरून मागच्या मागे पडणार. खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचलेली, त्यावर गाद्या. पडदे उडावेत म्हणून मोठा पंखा लावला होता. त्याच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

सकाळी एक तालीम झाली. मग पहिला टेक झाला. दोन्ही उड्या बरोबर पडल्या. दुसऱ्या टेकसाठी मांजर परत वर गेला, कठड्यावर उभा राहिला, तोंड भिंतीकडे. त्याच्यावर दिवे जुळवायचे होते, म्हणून उड्या बसवणाऱ्या फाइट मास्टरने त्याला तिथेच थांबायला सांगितलं. खाली गाद्या आणि चेपलेली खोकी काढून माणसं नवी खोकी आणायला गेली. तेवढा वेळ खाली फक्त फरशी.

डायरेक्टर मॉनिटरच्या काळ्या कापडात डोकं घालून बसला होता. पहिल्या टेकमध्ये मांजर उशिरा पडला असं त्याचं म्हणणं. ॲक्शन म्हटल्यावर किती वेळाने, ते त्याला ऐकायचं होतं. हेडफोनची वायर मानेशी तुटली होती. पुन्हाभाऊ ती जोडत होता. चिकटपट्टीचा तुकडा दातात धरलेला.

राहू दे ते, स्पीकरवर लाव, असं डायरेक्टर कापडातूनच म्हणाला.

स्पीकरवर लावायचं तर एक पद्धत आहे. मशीनवाल्याने आधी ओरडायचं, "प्लेबॅक." मोठ्याने, चारी दिशांना. म्हणजे पुढचा आवाज मशीनचा आहे, खरा नाही, हे सेटवर सगळ्यांना कळतं. या धंद्यात पहिल्या दिवशी हे शिकवतात. पुन्हाभाऊ ते झोपेतही ओरडायचा, बायको सांगते. पण तोंडात चिकटपट्टी होती. पंख्यामुळे आवाज मोठा ठेवलेला होता. उजवा हात बटणावर होता. त्याने बटण दाबलं.

स्पीकरमधून डायरेक्टरचा आवाज आला. "ॲक्शन."

मॉनिटरवर मांजर पाठमोरा पडला, खोक्यांवर आपटला, उठला, हसला. डायरेक्टर म्हणाला, बघ, उशीरच आहे. आपटण्याचा आवाज मात्र दोनदा आला होता, दुसरा त्यांच्या पाठीमागून. पुन्हाभाऊने मान वळवली तेव्हा चिकटपट्टी अजून दातात होती.

मांजर जगला. कमरेखाली काही उरलं नाही. शुद्धीवर आला तेव्हा त्याला आदल्या रात्रीपर्यंतचं आठवत होतं. त्या दिवसाचं काहीच नाही. तालीम नाही, पहिला टेक नाही, गॅलरी नाही. कुठला सेट होता, हेसुद्धा बायकोला विचारावं लागलं.

पुन्हाभाऊने त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. माझ्या स्पीकरमुळे झालं. मी ओरडलो नाही. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. चूक पदरात घ्यायला तो तयार होता. अडचण अशी झाली की ती कुणी द्यायलाच तयार नव्हतं.

कंपनीच्या मॅनेजरने त्याला बसवलं, पाणी दिलं. तुम्ही घरचे आहात, धक्का बसलाय, असं वाटणारच, म्हणाला. कागदावर लिहिलं ते एवढंच, की स्टंटवाल्याने इशारा नसताना उडी घेतली. डायरेक्टरने खांद्यावर हात ठेवला. मी ॲक्शन म्हटलंच नव्हतं, सगळ्यांना विचारा, म्हणाला. ते खरंच होतं. त्याने म्हटलं नव्हतं. स्पीकरचं विचारलं तर तो खरोखर गोंधळलेला दिसला. माझ्या कानाला हेडफोन होता ना, म्हणाला. त्याला तसं आठवत असावं. माणसाला सोयीचं आठवतं, त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. पंखा होता, काही ऐकू आलं नाही. दिव्यांवरचा माणूस दुसऱ्या सिनेमावर निघून गेला.

उरला फाइट मास्टर. तो पुन्हाभाऊला शेडच्या मागे घेऊन गेला. बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला.

"भाऊ, मी ऐकलं," तो म्हणाला. "पण तुम्ही बोललात की मला विचारणार, खाली गाद्या नसताना माणूस कडेवर का ठेवलास. माझ्याकडे अकरा पोरं काम करतात. सगळ्यांचं काम जाईल. जे झालं ते मांजराच्या नावावर राहू द्या. त्याला आता उडी मारायला कोण बोलावणार आहे? त्याचं नाव चांगलं असलं काय आणि वाईट असलं काय."

पुन्हाभाऊने त्याच्याकडे पाहिलं. तो मांजराचा गुरू होता. पहिली उडी त्यानेच शिकवलेली.

आणि पुरावा नव्हता. हीच यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. टेक सुरू नव्हता, म्हणून कॅमेऱ्यात काही साठलं नव्हतं. पुन्हाभाऊचं मशीन जुनं होतं. ते दाखवायचं तरी किंवा साठवायचं तरी, एका वेळी एकच. मांजर पडला तेव्हा ते दाखवत होतं. सेटवरचं सगळं त्यात होतं. लोक नाक शिंकरताना होते, डायरेक्टर जांभई देताना होता. ती एक उडी नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

बहिणीला त्याने हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सांगितलं. ती नळाखाली टॉवेल धूत होती. सगळं ऐकून घेतलं. टॉवेल पिळला, परत पिळला, त्यातून पाणी येईना तरी पिळत राहिली.

"हे तू मला एकदा सांगितलंस," ती म्हणाली. "आता परत सांगू नकोस. नवरा असा पडलाय. भाऊही घालवून बसू का मी?"

मांजर घरी आला. खिडकीजवळ खाट, खाटेच्या पायथ्याशी एक दोरी बांधलेली. ती धरून त्याने दिवसातून अनेकदा स्वतःला वर ओढायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हात आणि छाती चालती ठेवायची. नाही ठेवली तर छातीत पाणी भरेल, आणि मग आमच्या हातात काही नाही. हे त्यांनी बहिणीला बाहेर नेऊन सांगितलं होतं, पण भिंत पातळ होती.

त्याने दोरीला हात लावला नाही.

फाइट मास्टर भेटायला येऊन गेला होता. प्रेमाने, मांजराचा हात हातात घेऊन त्याने सांगितलं, की होतं असं कधीकधी, चांगल्या चांगल्यांचं होतं. इशाऱ्याआधी गेलास. मांजराने ऐकून घेतलं. त्यानंतर त्याने जेवण सोडलं. रागाने नाही. पुढे केलेला चमचा तो हलक्या हाताने बाजूला करायचा, जसं पाहुणा म्हणून गेल्यावर पोट भरलंय सांगतात तसं. हातांचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तो हसून म्हणाला, की ज्या अंगाने मला फसवलं त्याला मी कशाला चारू, कशाला फिरवू. बाईंना वाटलं, विनोद आहे.

बहीण सुकत चालली. एकदा जिन्यात पुन्हाभाऊला म्हणाली, तो मरायला बसलाय दादा, आणि इतका शांत बसलाय की भांडताही येत नाही.

तेव्हा त्याने मांजरालाच सांगितलं. खाटेशेजारी स्टुलावर बसून, क्रमाने. वायर कशी तुटली, तोंडात काय होतं, आवाज किती मोठा होता. तू चुकला नाहीस. शब्द आला होता. तुझं अंग शब्दावरच गेलं.

मांजर डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावरही मिटलेलेच ठेवले.

"दादा, तुम्ही माणूस चांगले," तो म्हणाला. "पण मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या गळ्यात धोंडा कशाला बांधताय? मास्टर म्हणाले, मी आधी गेलो. डायरेक्टर म्हणाले. कंपनीने लिहून दिलं. सगळे खोटे आणि तुम्ही एकटे खरे?"

पुन्हाभाऊ म्हणाला, हो.

"मग दाखवा," मांजर म्हणाला. आता त्याने डोळे उघडले. "तुम्ही दाखवलंत की मी मानलं. तुमच्या मशीनमध्ये असेल तर माझी काही तक्रार नाही. पाय गेले तर गेले. नसेल तर हा विषय परत काढू नका."

खोलीत बहीण होती. तिने ताट धरलं होतं. पुन्हाभाऊने त्या ताटाकडे पाहिलं.

"आहे," तो म्हणाला. "कंपनीत जमा आहे. सोडवून आणतो."

जन्मात त्याने मशीनबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. मांजर त्याच्याकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, आण ते इकडे. अर्धं ताट संपवलं. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. तो दोरी ओढतोय, म्हणाली. तोंडाने मोजतोय, शिव्या देतोय आणि ओढतोय.

तिसऱ्या दिवशी तिने भावाला दारात अडवलं. तू तर म्हणाला होतास की मशीनमध्ये नाही. तो म्हणाला, आहे. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. पण तिनेही मानलं, कारण तिला मानायचं होतं. "मग आण," ती म्हणाली. "तुझं काय दिसायचं ते दिसू दे. मी आहे."

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं.

तो घरी मशीनसमोर बसला आणि त्याने ठरवलं की नसलेला तुकडा बनवायचा.

खोटं करून दाखवायचं होतं, पण जे दाखवायचं होतं ते खरं होतं. म्हणून त्याला ते अगदी बरोबर हवं होतं. असं काम त्याला येत होतं. दोन चित्रं अर्धी अर्धी जोडून दाखवणं हे त्याच्या रोजच्या कामातलं. डायरेक्टरला कधी हिरो आणि हिरोचाच जुळा भाऊ एका चौकटीत बघायचा असतो, तेव्हा पुन्हाभाऊ जागच्या जागी जोडून दाखवायचा. इथे तर कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवलेला होता, दिवसभर तसूभरही हलला नव्हता. गॅलरीखालून एक आडवी रेघ मारली की वरचं चित्र एका वेळचं आणि खालचं दुसऱ्या वेळचं घेता येत होतं.

वरच्या भागासाठी त्याने सकाळच्या तालमीतली उडी घेतली. दुसऱ्या कुठल्या दिवसाची उडी मांजराने ओळखली असती. स्वतःचं पडणं तो कोपराच्या वाकावरून ओळखायचा. पण त्या दिवसाचं त्याला काही आठवतच नव्हतं. जावयाची आठवण गेली याचा उपयोग झाला, हे लक्षात आल्यावर पुन्हाभाऊ मशीनपासून उठला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आला. बायकोने दारातून पाहिलं.

खालच्या भागासाठी फरशी हवी होती. ती होती. पहिल्या टेकच्या कटनंतर त्याने सवयीने मशीन चालू ठेवलं होतं. माणसं खोकी ओढून नेतात, मग उघडी फरशी दिसते, मग डायरेक्टर दाखव म्हणतो आणि चित्र संपतं. त्या फरशीचे थोडे क्षण पुरेसे होते.

शब्द त्याने त्याच स्पीकरमधून वाजवून घेतला, पंखा लावून, तितक्याच मोठ्याने. शेजारच्या घरात कुणीतरी दचकलं.

मग त्याने जोडून पाहिलं. गॅलरीवर मांजर पाठमोरा उभा. स्पीकरचा खरखरीत आवाज, "ॲक्शन." मांजर मागे कलतो, निघतो, आणि मधल्या रेघेशी येऊन नाहीसा होतो. खाली फरशी तशीच. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

आपटणं हवं होतं. रिकाम्या फरशीवर, त्या उंचीवरून, त्याच कपड्यात कुणीतरी पडायला हवं होतं.

स्टंटवाल्यांकडे पुतळा असतो. कापडाचा, आत रेती आणि चिंध्या, माणसाच्या वजनाचा. पुन्हाभाऊ फाइट मास्टरकडे गेला. कशाला हवा ते सांगितलं. मास्टरने मिठाची गुळणी धरली होती ती सोडली नाही, पण पुतळा स्वतः उचलून रिक्षात ठेवून दिला. कपडेपटातल्या बाईंनी मांजराचा जोडीचा पोशाख दिला, तालमीत घातलेला. धुतलेला नव्हता. कॉलरला मेकअप होता.

सेट मोडायला काढला होता. उरलेलं शूटिंग कंपनीने दुसरीकडे, दुसरा माणूस घेऊन उरकलं होतं. सुतारांनी घराची डावी बाजू उतरवली होती, गॅलरी अजून उभी होती. कॅमेऱ्याच्या स्टँडचे खडूने काढलेले तीन ठिपके फरशीवर दिसत होते. पुन्हाभाऊने कुणाकडून तरी मागून आणलेला छोटा कॅमेरा बरोबर त्यावर बसवला, चालू केला. स्पीकर ठेवला. मशीन असं लावलं की थांबून थांबून शब्द येत राहील, म्हणजे त्याला वर जायला वेळ मिळेल. मग पुतळा पाठीवर घेऊन शिडी चढला.

सुतार काम थांबवून बघत उभे राहिले. त्यांना त्याने सांगितलं होतं, पाच मिनिटं द्या.

त्याने पुतळा कठड्यावर उभा केला, तोंड भिंतीकडे. दोन्ही हातांनी छातीशी धरला. एवढ्या वर्षांत तो कधी गॅलरीवर चढला नव्हता. मशीनपासून दूर जायचं त्याला कारणच पडलं नव्हतं. इथून फरशी फार लांब आणि फार स्वच्छ दिसत होती.

"ॲक्शन," खालून आवाज आला.

हात सुटले नाहीत. घाई झाली, असं त्याने स्वतःला सांगितलं. पकड सारखी केली. परत शब्द आला. त्याची बोटं पोशाखात रुतलेली होती. ती सोडायची एवढंच काम होतं. सोडली की मांजर जेवणार होता, दोरी ओढणार होता, जगणार होता. हे त्याला स्पष्ट कळत होतं. तिसऱ्यांदा शब्द आला. पुतळ्याचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं, रेतीने जड झालेलं, जसं झोपलेल्या माणसाचं कलतं.

खालून म्हातारा सुतार ओरडला, "काका, टाकताय की उतरताय? आम्हाला भिंत काढायचीय."

कुणी हसलं. मग एक तरुण सुतार शिडी चढून वर आला. त्याला दया आली असावी. द्या इकडे, मी ढकलतो, तुम्ही तोंड फिरवा, म्हणाला. पुन्हाभाऊने खरोखर तोंड फिरवलं. सुताराने पुतळ्याच्या बगलेत हात घातले. शब्द आला. सुताराने ढकललं, पण पुतळा गेला नाही. पुन्हाभाऊने पुतळ्याच्या कमरेला मिठी मारली होती.

"सोडा ना काका," तो पोरगा हळूच म्हणाला.

"नको," पुन्हाभाऊ म्हणाला. "तुम्ही भिंत काढा."

पुतळा खांद्यावर टाकून तो एकेक पायरी उतरला. कॅमेरा बंद करायचं त्याला सुचलं नाही. तो चालूच होता. त्याच्यासमोर सुतारांनी कठडा उतरवला, मग गॅलरी, मग मागची भिंत. दुपारपर्यंत तिथे नुसते वासे उरले.

ती उंची आता राहिली नाही. दुसरी शोधता येईल, पण फरशी जुळणार नाही, उजेड जुळणार नाही, आणि मांजराला फरक दिसेल. खरं म्हणजे हेही कारण नव्हे.

बहीण रोज फोन करते. तो हल्ली बसतो, दोरी धरून, म्हणते. दंड भरलेत. काल दाढी करून मागितली. खाटेच्या पायथ्याशी टेबल सरकवून घेतलंय, मॉनिटर ठेवायला, आणि पडदा ओढून बघितलं की काचेवर चमक येते का. कधी आणतोस, विचारते. पुन्हाभाऊ म्हणतो, थोडं काम राहिलंय. ती म्हणते, तो वाट बघतोय दादा, किती थोडं?

त्याने नवं काम घेतलेलं नाही. दुपारी बायको जेवायला हाक मारते, तेव्हा तो मशीनसमोर असतो. तुकडा मशीनमध्ये आहे. वरच्या अर्ध्यात मांजर उभा आहे, शब्द येतो, तो निघतो. खालच्या अर्ध्यात फरशी आहे. ती भरायची राहिली आहे.